डायनासोरच्या पोटाखालची येळवस

नवा जिल्हा होणार अशी आवई उठली आणि तळेवाडी फुगली. कलेक्टर कचेरी कुठं येणार हे कलेक्टरच्या आधी शेषेरावला कळलं. हॉटेलात बसून त्यानं सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि टेबलावर नकाशा काढला. नांदेड लांब. लातूर लांब. मुखेड त्यातल्या त्यात जवळ. मग मधोमध कोण? तळेवाडी. आणि तळेवाडीच्या मधोमध काय? आपलं शेत.

"कचेरीला शेत इकता का काय?" त्याची बायको केवळाबाई म्हणाली.

"कचेरीला न्हाई. उदगीरचे सिद्रामप्पा शेठ घ्यायलेत. कचेरीच्या शेजारी बाग काढणार हायेत. सायबाची लेकरं खेळायला."

शेत गेलं. जिल्हा काही आला नाही. बाग मात्र आली. तिचं नाव मौजनगरी वॉटर पार्क. आत उंच घसरगुंड्या, लाटांचं तळं आणि एक सिमेंटचा डायनासोर. उद्घाटनाला नारळ फुटला आणि त्या साली पाऊस गेला तो गेलाच. गावाला टँकर सुरू झाला. लाटांच्या तळ्यात दुपारी शेळ्या बसू लागल्या. घसरगुंडीवरून लेकरं पोत्यावर बसून घसरायची आणि खाली आली की धूळ झटकायची. गावातल्या पेंटरनं तर दुकानांच्या पाट्यांवर 'मु. पो. तळेवाडी, जि.' एवढंच लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती. जिल्ह्याचं नाव ठरलं की भरू म्हणाला.

शेषेरावला मौजनगरीच्या गेटावर नोकरी मिळाली. खाकी कपडे आणि एक शिट्टी. ज्या बांधावर तो मालक म्हणून उभा राहायचा, तिथंच आता शिट्टी घेऊन उभा राही. शिट्टीवर तो खूष होता. शेतात असताना बैलसुद्धा त्याचं ऐकत नव्हते.

केवळाबाई अंगानं किरकोळ, पण हट्टानं सहा बैलांची. तिची कीर्ती येळवशीवरून झालेली. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला आपल्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करायची, तिच्यात चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा आणि दाणे-पाल्याची पातळ भज्जी, उंडे, अंबील असं पोट फुटेस्तोवर खायचं. वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवू घालायचं. उपाशी माणूस बांधावरून पुढं गेला, तर येळवस फुकट. एका साली बांधावरून कुणीच जाईना. तेव्हा केवळाबाई रस्त्यात आडवी उभी राहिली आणि तिनं मुखेडची एस.टी. थांबवली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि सगळे प्रवासी कोपीपाशी जेवले. एक नवरदेव मुलगी बघायला निघाला होता. तो भज्जी खाऊन तिथंच झोपला. ते लग्न पुढं झालं नाही. त्याचा दोषही लोक केवळाबाईलाच देतात आणि तीही तो आनंदानं घेते.

अशा बाईची मागची येळवस चुकली. मौजनगरीचं बांधकाम चालू होतं आणि गेटाला कुलूप होतं. ती घरातच चूल पेटवून बसली. त्यानंतर पाऊस पडला नाही.

यंदा येळवशीच्या आदल्या दिवशी टँकरच्या रांगेत शेजारच्या पार्वतीबाईनं विषय काढलाच.

"काळी आई उपाशी ठेवली की आभाळबी उपाशी ठेवतं, बाई. मी काय कुणाचं नाव घेत न्हाई."

"नाव घे की. घागरीपरीस तोंड मोठं हाय तुझं."

"घेते मग. शेत तुझं, पांडव तुझे. ते आता कुठं हायेत, ठाव हाय का? डायनासोरच्या खाली ठिवलेत. हिरवे ठिपके मारून. अंडी म्हून!"

रांग हसली. केवळाबाईची घागर अर्धीच भरली होती. तरी ती उचलून घरी आली.

संध्याकाळी शेषेराव कपडे बदलत होता.

"अवं, पांडवांची अंडी केली, हे खरं हाय का?"

शेषेरावनं शिट्टी खुंटीला अडकवली. "डेकोरेशनवाल्यानं केली. शहरातला माणूस. त्याला गोल दगड दिसले."

"आन तुमी?"

"म्या कशाला बोलू? माझी ड्युटी गेटावर."

"उद्या येळवस हाय. मी येणार. माझ्या पांडवांपाशी नैवेद्य दाखवणार आन दोन माणसं जेवू घालणार."

शेषेराव पाटीवरचं वाचल्यासारखं म्हणाला, "बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. मोठ्या अक्षरात लिवलंय. नोकरी जाईल माझी. आलीस तर मी तुला वळखणार न्हाई."

"लग्नात तरी कुठं वळखलं होतं? माझ्या बहिणीकडंच बघत होता."

पहाटे तिनं चूल पेटवली. भज्जीला हरभऱ्याची पानं मूठभर मिळाली. गाजर, वाटाणा, बोरं यांची नुसती आठवण होती. तुरीचे दाणे, शेंगदाणे, चिंच, बेसन आणि लसणाची फोडणी यावर तिनं भागवलं. बाजरीचे उंडे वळले. सगळं अडलं ते अंबिलीपाशी. अंबिलीला ताक हवं. म्हैस चाऱ्यावाचून माहेरी, म्हणजे भावाकडं मुदखेडला पाठवलेली. गावात ताक मागावं, तर पार्वतीबाईच्या कानावर जाणार. केवळाबाईनं आदल्या रात्रीच ज्वारीचं पीठ पाण्यात आंबवायला ठेवलं होतं. तेच आता शिजवलं, मीठ-जिरं घातलं आणि बिनताकाची अंबील मातीच्या बिंदग्यात ओतून वर फडकं बांधलं. घट्ट बांधलं. ही गोष्ट बिंदग्यातच राहायला हवी होती.

दुरडी डोक्यावर, वर घोंगडी, पदर नाकापर्यंत. अशी ती गेटावर आली. शेषेराव ताठ झाला.

"बाई, डोक्यावर काय हाय?"

"तुमचं नशीब."

"उघडून दाखवा."

"दाखवते. पण नैवेद्याच्या आधी बघितलं तर वरीसभर उपास घडतो. बघा, तुमची मर्जी."

फोडणीचा वास तोवर गेट ओलांडून आत गेला होता. शेषेरावनं एकदा ऑफिसाकडं पाहिलं. मग शिट्टी हरवल्यासारखी तो सगळे खिसे चाचपू लागला. शिट्टी त्याच्या गळ्यात होती. शिट्टी सापडेपर्यंत केवळाबाई डायनासोरपाशी पोचली.

मौजनगरीत त्या दिवशी शुकशुकाट होता. येळवशीला कोण बागेत जाणार? कॅन्टीनचे सगळे आचारी आपापल्या शेतात पळाले होते. मागं उरला होता एकटा तेलंगणातला कॅन्टीनवाला. आणि पाहुणे होते तिघं. नांदेडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले साहेबराव, त्यांची म्हातारी आई सरजाबाई आणि पुण्याहून सुट्टीला आलेली मुलगी सुजाता. साहेबरावांना येळवशीचा विसर पडला होता. सुजातानं मांस सोडलं होतं, अंडी सोडली होती आणि वर्षापूर्वी दूधही सोडलं होतं. दूध, दही, तूप, ताक, सगळं.

"हिचं नाव सुजाता," साहेबराव कॅन्टीनवाल्याला सांगत होते. "त्या सुजातानं भगवान बुद्धांना खीर दिली. हिला खीर चालत नाही. बघा काही व्हेज असेल तर."

"है ना साब. चिकन बिर्याणी है. उसमें से चिकन निकाल देता."

"नको," सुजाता म्हणाली. "आणि दुधाचंही काही नको."

कॅन्टीनवाल्यानं जरा विचार केला. "तो अंडा लेव मॅडम. अंडे में दूध नै रहता."

"पप्पा, चला."

"कुठं चला? आजीला सकाळपासून चहाशिवाय काही नाही."

सरजाबाई मात्र नाक वर करून उभी होती. "ह्या बागेत कुठंतरी भज्जी शिजली हाय," ती म्हणाली आणि काठी टेकत वासामागं निघाली.

डायनासोरच्या पोटाखाली केवळाबाई गुडघे टेकून एका अंड्याचे हिरवे ठिपके चुन्यानं झाकत होती. चार अंडी पांढरी झाली होती. कोपीला कडबा नव्हता, म्हणून तिनं घोंगडी डायनासोरच्या शेपटीपासून पुढच्या पायापर्यंत ताणली होती. पाचवा दगड पांढरा झाला, हळदकुंकू लागलं, उंडा-भज्जीचा नैवेद्य झाला. आता हवा होता फक्त बांधावरून जाणारा माणूस. ती वळली, तर समोर तिघं उभे.

"या, या! जेवायला या!" ती ओरडली. इतक्या जोरात की सुजाता दचकली.

"बाई, आम्ही तुमच्या ओळखीचे नाही," साहेबराव म्हणाले.

"वळखीच्यांना कोण बोलावतं? ते आपसूक येतात."

सरजाबाई घोंगडीच्या बाहेरच थांबली. "आमाला येळवशीला कोपीत घेत नव्हते, बांधावर बसवून वाढायचे," ती हसत म्हणाली. हसणं ओठांपुरतंच होतं. "तुझ्याकडं कुठं बसायचं, बाई?"

केवळाबाईनं चारी दिशांना बघितलं. "बांध राहिलाय कुठं? शेठनं बुलडोझर घातला. आता सगळ्यांनी कोपीतच बसायचं. आत या, माय. डोकं जपा, डायनासोरचं पोट लागतंय."

सरजाबाई आत आली आणि पांडवांशेजारी बसली. पत्रावळीवर भज्जी पडली. सुजातानं हात आखडला.

"मावशी, यात तूप आहे?"

"करडीचं तेल हाय."

"दूध, दही?"

"भज्जीत कोण घालतं?"

सुजाता खाऊ लागली. पहिल्या घासानंतर तिनं प्रश्न थांबवले. दुसऱ्या वाढीला पत्रावळ स्वतःच पुढं केली. शेषेराव गेट सोडून डायनासोरच्या मागच्या पायाशी उभा होता. ड्युटीवर असल्यासारखा.

"आन अंबील?" सरजाबाईनं बिंदग्याकडं बोट दाखवलं. केवळाबाईनं बिंदगा डायनासोरच्या टाचेआड ठेवला होता. तो तिनं पुढं ओढला, पण फडकं सोडलं नाही.

"अंबिलीत काय असतं?" सुजातानं विचारलं.

केवळाबाईनं एकदा शेषेरावकडं बघितलं. पाव्हण्यांसमोर दुष्काळ दाखवायचा? बिनताकाची अंबील म्हणजे बिनबैलाचा पोळा. ती छाती काढून म्हणाली, "ज्वारी, जिरं आन ताक. घट्ट ताक. लोणी वर तरंगत होतं, असलं."

"मग मला नको, मावशी. मी ताक पीत नाही."

सरजाबाईनं हातातला उंडा खाली ठेवला. "अंबील न घेता पाव्हणा उठला तर येळवस लागत न्हाई, पोरी."

"आजी, मी नाही पिऊ शकत."

केवळाबाई बिंदग्याकडं बघत बसली. पाच पांडव तिच्याकडं बघत होते. मागच्या साली कुलूप आडवं आलं, आता तिची स्वतःची जीभ आली होती. पार्वतीबाईचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मग तिनं पदर खोचला.

"ताक न्हाई त्यात," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाई, म्हणते ना! थेंब न्हाई. म्हैस मुदखेडला, ताक कुठलं? पीठ पाण्यात आंबवलंय नुसतं. म्या लबाड बोलले. घ्या आता, हसा."

कुणी हसलं नाही. सुजातानं द्रोण पुढं केला. एक प्याली, दुसरा मागितला, तिसरा मागितला.

"मावशी, वर्षभर मी हे शोधतेय. पुण्यात असलं मिळत नाही."

"बिनताकाची अंबील?" केवळाबाई शेषेरावकडं वळली. "ऐकलंत? दुष्काळ पडला की पुण्यातल्या माणसाला चव येती!"

सरजाबाई आता हसली, आणि या वेळी डोळ्यांनीही हसली. तेवढ्यात घोंगडीपाशी दोन पांढरे बूट आले. सिद्रामप्पा शेठ.

"शेषेराव! हे काय चाललंय? पाटी वाचता येत नाही? बाहेरचं खाणं आत कसं आलं?"

शेषेरावचा हात शिट्टीकडं गेला. वाजवावी की गिळावी, हे त्याला ठरेना. केवळाबाई घोंगडीतून बाहेर आली.

"शेठ, ही ज्वारी शेवटच्या सुगीची. ह्याच मातीतली. डायनासोर उभा हाय ना, तिथंच कणसं होती. तूरबी इथलीच. हे खाणं आतलं हाय. बाहेरून आला तो तुमचा डायनासोर."

शेठचं लक्ष पांढऱ्या दगडांकडं गेलं. "माझ्या अंड्यांना चुना कुणी लावला?"

"शेठ, तुमी लिंगायत. गळ्यात लिंग हाय, घरात कांद्याचाबी विचार करून घेता. आन दारात अंडी मांडून बसलात व्हय? लोक काय म्हणतील? म्या अंड्यांचे पांडव करून तुमची अब्रू राखली. बसा आता, जेवा. बांधावरून उपाशी जाता येत न्हाई आज."

शेठ मागं सरकायला बघत होते. पण सकाळपासून उपाशी तेही होते. आचारी त्यांचेही पळाले होते. बूट काढून ते डायनासोरच्या पोटाखाली वाकले.

शेवटचं काम राहिलं होतं. शेताभोवती अंबील शिंपायची. ते धन्यानं करायचं. केवळाबाईनं शेषेरावच्या हातात द्रोण दिला. तो शेठकडं बघू लागला. शेठच्या तोंडात उंडा होता. त्यांनी हातानंच 'जा' म्हटलं. मग खाकी कपड्यांतला शेषेराव लाटांच्या कोरड्या तळ्यातून, घसरगुंड्यांखालून, गेटाच्या कडेनं "ओलगे, ओलगे" अशी येळवशीची आरोळी ठोकत, अंबील शिंपत पळत सुटला. दमला की मधेच शिट्टी फुंकत होता. तळ्यातल्या शेळ्या उठून त्याच्यामागं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पार्वतीबाई रांगेत पुढंच होती.

"झाली म्हणं येळवस. किती जेवले?"

"पाव्हणे तीन. शेठ एक. आन आमचं ध्यान."

"आन पाऊस?"

"त्याला अजून बोलावलं न्हाई. नैवेद्य गेलाय, निरोप पोचंल. तवर तू घागर धर."

महिन्याभरानं मौजनगरीच्या गेटावरची पाटी पेंटरनं नव्यानं रंगवली. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत.' त्याखाली शेठनं सांगितलं म्हणून एक ओळ वाढवली, 'आतले चालतील.' येणारे-जाणारे पाटी वाचून थबकतात आणि अर्थ विचारतात. शेषेराव शिट्टी फिरवत सांगतो, "अर्थ आमच्या घरात हाय. कडक हाय." पाटीच्या तळाशी पत्ता आहे. 'जि.'पुढची जागा अजून कोरीच आहे.