संध्याकाळचे गाऱ्हाणे

“तुमच्या हृदयाला काहीही झालेले नाही,” कुडाळचे डॉक्टर म्हणाले आणि माझे डोळे भरून आले. ते समाधानाचे अश्रू नव्हते. काहीतरी सापडले असते तर त्यावर उपाय तरी झाला असता, असे मला वाटले.

इसीजी झाला होता. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली होती. थायरॉइडही तपासले होते. सर्व अहवाल निर्दोष आल्यावर मला कुडाळच्या या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. बाहेरच्या बाकावर माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. आम्ही दोघींनीही एकमेकींना न ओळखल्यासारखे केले.

आजाराचे नाव जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. एकाच कारणाशी बांधलेली नसलेली, सतत चालणारी आणि आवरता न येणारी चिंता, असा त्याचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला.

तोवर मी तिला माया समजत होते.

माझी मुलगी तन्वी बेळगावला असते. तिला दिवस गेले आणि पहिले बाळंतपण आपल्या पद्धतीप्रमाणे माहेरी, आमच्या मालवणजवळच्या घरी, करायचे ठरले. त्यानंतर मी तिला सतत फोन करू लागले. पायाला सूज आहे का? बाळ हलते का? ती हो म्हणाली की क्षणभर बरे वाटे. मग छाती धडधडू लागे, हातांना मुंग्या येत, श्वास पुरत नसे. नको नको म्हणत पुन्हा माझाच हात फोनकडे जाई. आयुष्यभर मुलांना शास्त्र शिकवले, परंतु स्वतःच्या हाताला थांबवणे मला साधत नव्हते.

एकदा तन्वी हळूच म्हणाली, “आई, तुझ्याशी बोलले की मलाच भीती वाटायला लागते. बाळंतपण इथेच करू दे ना.”

मला ते मान्य करावे लागले. तिची चूक नव्हती, हे कळत असल्यामुळे रडण्याचाही हक्क नाही असे वाटत होते.

डॉक्टरांनी एसएसआरआय गटातील गोळी दिली. चिंता कमी करणारी ही औषधे लागू पडायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला माझी बेचैनी उलट वाढली आणि गोळी सोडावी असे वाटले. मनाने बंद करू नका, त्रास झाला तर मला विचारा, असे त्यांनी बजावले होते, म्हणून विचारले. ज्यांना ही गोळी घ्यावी लागेल त्यांनीही विचारावे, एवढे नम्रपणे सुचवते.

दुसरा उपाय मला अधिक अवघड वाटला. दिवसातली एक वेळ ठरवायची आणि साऱ्या चिंता तेव्हाच मोठ्याने बोलायच्या. इतर वेळी एखादी चिंता आली तर तिला ‘संध्याकाळी ये’ म्हणायचे. माझ्या यजमानांना डॉक्टर म्हणाले, “‘काही होणार नाही’ असा धीर देऊ नका. तो थोडा वेळ टिकतो, मग पुन्हा मागावा लागतो. तुम्ही फक्त ऐका.”

पहिल्या संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो. तन्वीचा रक्तदाब वाढेल, असे मी कसेबसे म्हटले. यजमानांना गप्प राहण्याची सवय नाही. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

आमच्या देवळात गाऱ्हाणे घालतात. एक जण सर्वांच्या वतीने गावाच्या अडचणी देवापुढे मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. या मंडळींत यजमानांचा आवाज सर्वांत मोठा असतो. परंतु मुलीच्या अनिष्टाला होकार? मी संतापले. काही बोलण्यापूर्वीच हुंदका आला.

ते ओशाळले. “व्हय म्हणजे तसा होवंदे, असा न्हय गो. आयकला, इतक्याच. देवाक सांगला की आपण घराक येतंव मां? थंयच बसान रवतंव काय?”

देवाला सांगून झाले की माणूस घरी येतो, तिथेच बसून राहत नाही, हे खरे होते. मी डोळे पुसून दुसरी चिंता सांगितली.

मी लगेच बरी झाले नाही. कित्येक संध्याकाळी मी नुसती रडले. दुपारी फोनकडे जाणारा हात दुसऱ्या हाताने धरून बसले. पुढे गोळी लागू पडली असावी. कधी वाक्ये लवकर संपत, तेव्हा यजमान चिडवत, “आज गाऱ्हाणा आखूड झाला. देव उपाशी रवतलो.” डॉक्टरांना मी हा प्रकार संकोचत सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “हेच चालू ठेवा.”

मी फोन करणे कमी केल्यावर तन्वीचे फोन येऊ लागले. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, “आई, मला भीती वाटते गं. सगळ्याचीच.”

काही होणार नाही, हे शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. शेवटी तिने विचारले, “माझ्या डॉक्टर प्रवासाला हो म्हणाल्यात. मी बाळंतपणाला येऊ तिकडे?”

त्या क्षणी बेळगावहून येताना लागणारा आंबोलीचा सबंध घाट माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याची वळणे, धुके, समोरून येणारे ट्रक. छाती धडधडू लागली. ती आजही धडधडते. डॉक्टरांनी आणि यजमानांनी मला त्या धडधडीसह बोलायला शिकवले, याचे ऋण मोठे आहे.

“ये,” मी म्हटले.

घाट मी संध्याकाळसाठी ठेवला. त्या दिवशीचे गाऱ्हाणे बरेच लांबले.