दादाच्या पेटीतला आवाज

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला पहिला मीच, आणि लिहिण्याचा सराव परीक्षेपुरता. इथे जाणकार लोक अनुभव लिहितात, त्यात माझं काय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं. मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतलाच होतो.

आमचं गाव पारोळ्याजवळ. मोठा भाऊ, भूषणदादा, धुळ्यात गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवायचा. सबवूफरची लाकडी पेटी तो स्वतः बनवायचा, डिकीच्या मापानं. पेटी झाली की स्पीकर बसवण्याआधी तिच्या गोल भोकाला तोंड लावून ओरडायचा, "शे का रे कोनी मजार?" म्हणजे, आहे का रे कोणी आत? आवाज आतल्या आत मेला पाहिजे. "मुकी पेटी ती खरी," म्हणायचा. "बोलनी ते समज, कोठे तरी फट शे."

होळीनंतर तो सुरतला स्पीकर आणायला गेला, मिळेल त्या गाडीनं. परत आला नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, मी सुरतला जाऊन शोधून आलो. काहीच नाही.

त्याच्या स्वतःच्या जुन्या अल्टोची पेटी ओट्यावर अर्धवट पडली होती. "पुरी करी ठेव," माय म्हणाली. "उना म्हणजे खूश व्हई." आला की खूश होईल, म्हणे. मी फळ्या जोडल्या, सांध्यांत सिलिकॉन भरलं, आत घरचाच कापूस लावला. मग भर दुपारी दादासारखाच भोकात ओरडलो, "शे का रे कोनी मजार?"

आतून आलं — "शे."

वाटलं, फट राहिली. सगळे सांधे पुन्हा भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच... दमल्यासारखं, हळू — "शे." एवढ्याशा पेटीत, त्यातही कापूस भरलेला, प्रतिध्वनी उठत नाही. आणि उठलाच तर शेवटचा शब्द परत यायला हवा ना? "मजार" यायला हवं.

मायनं चुलीपाशी ऐकलं. पिठाच्या हातानंच धावत आली, वाकून म्हणाली, "भूषण?"

"शे."

त्यानंतर रोज दुपारी ती पेटीपाशी बसायची. मी पुन्हा सुरतला निघालो तर वाटेत आडवी आली. "आते कायले हिंडस? तो शे. येई घर."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. माझ्या चुलत्यांनी, नानांनी, चाचरत विचारलं, "वहिनी, भूषणनी घागर..."

"जित्ता माणूसनी घागर भरतस का नाना? तुमनीच भरी ठेवू का?"

नानांनी चपला घातल्या. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगतो, मलाही पेटीचं ऐकायचं होतं.

नंतर एका शनिवारी कॉलेजहून घरी आलो तर माय ओट्यावर बसलेली. "बोलत नही रे," म्हणाली. मी ओरडलो. आवाज आत गेला आणि मेला. कुठेही फट नाही, अगदी दादाला हवी तशी पेटी. मी पटाशी घेतली आणि एक सांधा मुद्दाम उखडला. पुन्हा ओरडलो. मग दुसरा उखडला. माय बघत होती, मला थांबवत नव्हती. काहीच आलं नाही.

कॉलेजात सरांना विचारलं, पुस्तकं चाळली. कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा... मायला मात्र सांगू नका.

परवा, आमच्या तक्रारीतला फोटो जुळल्यावर, पोलिसांचा फोन आला. दादा सुरतपर्यंत पोचलाच नव्हता. सुरतच्या अलीकडेच, हायवेवर कुठल्यातरी गाडीनं त्याला उडवलं होतं. खिशात काही नाही, म्हणून तिथल्या एका दवाखान्यात बिननावाचा, बेशुद्ध पडून होता. इतके दिवस, जिवंत. त्या शनिवारी सकाळी गेला.