एनॉस गवत कापायला घरी गेला

आमच्या नणंदबाईंनी, थेडा स्टिकनीनं, जन्मभर शाळेची बस चालवली. व्हरमाँटच्या बर्फात एकदाही पोरांना खड्ड्यात घातलं नाही. पण त्याचं कौतुक कुणाला? आमच्या गावात बाईची किंमत तिच्या खापरपणजोबाच्याही पणजोबावर ठरते. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाशी लढलेल्या क्रांतिसैनिकांच्या लेकींचं मंडळ आहे ना इथं! त्यात शिरायला सैनिकाचं थेट रक्त लागतं. चुलत्याचं, मामाचं चालत नाही. मी तर नुसती भावजय, माझं रक्त कोण विचारतो? मला सभेला बोलावतात ते माझ्या मेपलच्या डोनटांसाठी.

सभा चर्चच्या तळघरात भरते. रिवाज असा, की एकेकीनं उठायचं आणि आपल्या पूर्वजाचा पराक्रम सांगायचा. ऐकावं तर सगळ्यांचे पूर्वज लढाईला नदी ओलांडताना सेनापतीच्याच होडीत बसलेले! एवढी माणसं खरंच बसली असती तर होडी काठालाच बुडाली असती, आणि आम्ही अजून इंग्लंडच्या राजाला सलाम ठोकत असतो.

थेडाची पाळी आली की ती दरवर्षी तेच सांगायची. "एनॉस स्टिकनी, साधा शिपाई. ऐन उन्हाळ्यात गवत कापायला घरी गेला. गवत भरून परत आला, तोवर लढाई आटोपली होती." मग बायका खोकायच्या, आणि अध्यक्ष विनिफ्रेडबाई चहा मागवायच्या.

खोकण्याचं तिला काही नव्हतं. तिला लागायचं ते दफनभूमीत. मंडळानं प्रत्येक सैनिकाच्या थडग्यापाशी पितळी तारा रोवलाय, मे महिन्यात त्यात झेंडा खोचतात. एनॉसचं थडगं तेवढं बोडकं. थेडा दर वसंतात गुडघे टेकून त्यावरचं शेवाळ घासायची आणि तारा मागायची. "पळपुट्यांना तारा नसतो गं," विनिफ्रेडबाई गोड आवाजात सांगायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

गेल्या वर्षी थेडानं मतदानच मागितलं. ऐंशी ओलांडलेली, मूलबाळ नाही. आमची पोरं कॅलिफोर्नियात, त्यांना असल्या गोष्टींचं हसू येतं. ती गेली की एनॉससाठी भांडायला कोण उरणार?

मतदानाआधी विनिफ्रेडबाई उठल्या. यांचा कॅप्टन जोसाया दरवर्षी जास्त शूर आणि जास्त तरुण होत आलेला. मी नवी नवरी होते तेव्हा तो सैन्याला जोडे पुरवायचा. मग त्याला तलवार मिळाली, मग घोडा मिळाला, मग घोडा मेला. गेल्या वर्षी बाईंनी कमाल केली.

"एकोणीस वर्षांचं पोर!" रुमाल डोळ्यांना लावत त्या म्हणाल्या. "लग्न नाही, संसार नाही, मुलीचा हातसुद्धा धरलेला नाही. पहिलीच गोळी छातीवर झेलली आणि गेला. त्याचं रक्त माझ्या अंगात आहे, बायांनो! त्याच्या पंगतीला गवतकाप्या बसवायचा?"

टाळ्या पडल्या. थेडा कपाळाला आठ्या घालून बसली होती. बिचारीला खरंच कोडं पडलं होतं.

"अगं विनी," ती म्हणाली, "मग तू कुणाची?"

विनिफ्रेडबाईंचा रुमाल होता तिथंच राहिला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी म्हणजे मीच.

"टोमणा नाही गं," थेडा घाईनं म्हणाली. "एनॉस घरी आला म्हणून त्या थंडीत गाई जगल्या. गाईंच्या दुधावर पोरं जगली, म्हणून मी झाले. आता तुझाही कुणीतरी घरी आलाच असेल ना? नाहीतर आपण इथं बसून चिकन सॅलड कसं खाल्लं असतं?"

हात वर झाले. एकेक करत सगळेच. शेवटी विनिफ्रेडबाईंचाही, कोपरापर्यंत.

शनिवारी तारा रोवला. दुखरे गुडघे टेकून थेडानं स्वतःच माती दाबली, तारा पदरासारख्या कोटाच्या टोकानं पुसला आणि कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून राहिली. मी रडले, खोटं कशाला बोलू.

यंदाच्या सभेला विनिफ्रेडबाई उठल्या, तेव्हा सगळ्यांचे कान टवकारलेले. कॅप्टनला या खेपेला गोळी पायाला लागली. जिवावरचं पायावर निभावलं. मग तो घरी गेला.

"लगेच?" थेडानं विचारलं.

विनिफ्रेडबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "काय करणार," त्या म्हणाल्या, "गवत कापायचं राहिलं होतं."