खंडाळ्यात उडवलेले आवाज

आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो तो शाळेतल्या मोरे बाईंमुळे. दहावीनंतर मला कामाला लावायला निघालेल्या वडिलांना त्यांनी अडवलं होतं. म्हणून आधी त्यांचं नाव, मग खंडाळ्याचं.

सकाळी पुण्याहून कंपनीची गाडी निघाली. सोमाटण्याला मिसळ खाल्ली. शेजारच्या सीटवरच्या थोकोंना ठसका लागला, तरी त्यांनी आणखी तर्री मागितली. थोको आफ्रिकेतल्या मलावीच्या. त्यांची चेवा भाषा संगणकाला ऐकून समजावी, म्हणून त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या साफ करून यंत्राला शिकवण्याचं काम आमच्याकडे होतं.

खंडाळ्याच्या हॉटेलात बैठक होती. दरीकडे पाठ करून बसलेले साहेब म्हणाले, "एका फाइलीत एकच आवाज हवा. दोन असतील त्या उडवा."

म्हणजे सगळ्याच गोष्टी गेल्या! चेवात गोष्ट चालू असताना ऐकणारे मधूनमधून 'तिली तोन्से' (आम्ही सोबत आहोत) म्हणतात. ते गप्प झाले की सांगणाराही गप्प. थोकोंनी हे साहेबांना सांगितलं.

"मग पोरांकडून वर्तमानपत्र वाचून घ्या," साहेब हसले. "म्हाताऱ्या कशाला मोबाइलशी बोलतील?"

"माझी आई बोलेल," थोको म्हणाल्या. "तिला वाचता येत नाही. तिच्यासाठीच हे चाललंय."

माझीही आई अंगठा लावते.

दुपारी मी थोकोंना बेडसे लेणी दाखवायला नेलं. पायथ्याशी काकड्या विकणारी मावशी सांगू लागली, "काल बिबट्या आलता. माजी शेळी दारातच व्हती..." मी मोबाइलला रेंज शोधत होतो.

"अवो भाऊ, हूं तरी म्हना! का भिंतीशी बोलू मी?"

मी हे थोकोंना इंग्रजीत सांगितलं. त्या मावशीजवळ बसल्या आणि काही कळत नसताना 'हूं' म्हणत राहिल्या. मावशी रंगात आली. शेळी वाचली.

"हिला एक अक्षर कळंना, तरी ऐकती बगा. न्हाईतर तुमी!"

संध्याकाळी मी साहेबांना म्हणालो, "दोन आवाज वेगळे करता येतात. जादा बसून मी करतो."

"वेळ नाही. आत्ता उडव."

"नाही उडवणार."

"गावाकडच्यांना घेतलं की हे असं होतं," म्हणत त्यांनी दुसऱ्याकडून फाइली उडवून घेतल्या. मी लोणावळ्याहून एसटीनं परतलो आणि बाईंना पत्र टाकलं:

"बाई, नोकरी गेली. मूळ फाइली थोकोंकडे आहेत. त्यातले आवाज वेगळे करायला मी घरीच बसलोय, पण कंपनी त्या घेणार नाही. पोरांच्या वाचनावर शिकलेलं त्यांचं यंत्र वेळेवर तयार होईल, टाळ्याही पडतील. मग थोकोंची आई त्याला दवाखाना कुठे आहे ते विचारील आणि ते म्हणेल, समजलं नाही, पुन्हा बोला. तिनं का पुन्हा बोलावं?"