लिओचा उपडा पेला

'गुरुवार, २० जून २०१९. चर्चमध्ये सकाळच्या मासला गेले. उकाडा फार. पुडिंगसाठी पर्सिमन फळांचा गर फ्रीजरमधून बाहेर काढला. डुएनचा फोन आला. कामासाठी लुईव्हिलला आलाय. संध्याकाळी येतो म्हणाला. मग म्हणाला, बघतो.'

ओटिलिया फेसेलनं पेनाला टोपण लावलं आणि त्या शेवटच्या शब्दाकडे जरा वेळ पाहत बसली. लुईव्हिल म्हणजे गाडीनं दीड तास. पोरगा राहतो पार तिकडे स्पोकेनला, लिफ्ट दुरुस्त करतो. बापाच्या दफनाला आला तो विमानतळावरून थेट दफनभूमीत, आणि तिथूनच परत. घराची पायरी काही चढला नाही.

फोनवर तो म्हणाला होता, "आई, आज ड्राफ्ट आहे. लक्षात आहे ना?"

"तुला हॉलवर कोण बोलावतंय? घरी ये. मागच्या दारानं ये."

"आपल्या गावात मागचं दार कुणाला दिसत नाही, असं एक घर दाखव."

त्यावर तिला हसू आलं होतं.

डुएन गोठ्याच्या दारावरच्या कडीत बास्केटबॉलचा चेंडू टाकत मोठा झाला. इंडियानातल्या या भागात पोराला चमचा धरता येण्याआधी चेंडू धरता येतो. तरी त्याच्यासारखा कुणी झाला नव्हता. जूनमध्ये ड्राफ्टच्या रात्री मोठे संघ नवी पोरं निवडतात, त्यात एका वर्षी पहिल्या दहांत त्याचं नाव पुकारलं गेलं. गावानं वेशीवरच्या पाटीवर ते रंगवून घेतलं. पुढं गुडघा गेला. शस्त्रक्रिया, बाकावर बसणं, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि मग संघानं सोडून दिलं. त्याच्या मागोमाग निवडलेला पोरगा मात्र असा खेळला, की टीव्हीवाले आजही दरवर्षी डुएनची आठवण काढतात. चांगल्यासाठी नव्हे.

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये गावातले पुरुष ड्राफ्ट बघायला जमतात. टीव्हीवाले त्याच रात्री प्रत्येक निवडीला गुण वाटून मोकळे होतात, त्याची डुएनच्या बापाला, लिओला, चीड होती. "पोरांना अजून घाम आला नाही, आणि यांचा निकाल लागला!" असं म्हणून त्यानंच नियम घातला होता, की दहा वर्षं जाऊ द्यायची आणि मग बोलायचं. त्यामुळे दर जूनमध्ये आधी दहा वर्षांपूर्वीच्या ड्राफ्टचा निकाल लागतो. एकेक नाव वाचायचं. निवड फळली असेल तर पेला उंचावायचा, फुकट गेली असेल तर रिकामा पेला टेबलावर उपडा घालायचा. यावर कुणी वाद घालत नाही.

डुएनच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तो स्वतः तिथं होता. हसण्यावारी नेईन म्हणून आला होता. नावं वाचायला लिओ. डुएनचं नाव वाचून झालं आणि एकेक पेला उपडा पडत गेला. लिओ नुसता बसून राहिला असता तरी चाललं असतं. त्यानं आपला पेला उचलला आणि उपडा घातला. डुएननं टोपी घेतली आणि जिना चढून गेला.

ओटिलियानं हे सगळं हॉलच्या स्वयंपाकघरातून, वाढायच्या खिडकीतून पाहिलं होतं.

आज संध्याकाळी ती अर्धं पुडिंग घेऊन हॉलवर गेली. दारात लिओचा जुना मित्र एल्मर उभा.

"ओटी, पोरगा येतोय म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"दोन पौंड हॅम घेतलंस सकाळी. एकटी बाई एवढं हॅम खाते होय?"

"खाते. तुझं काय जातंय?"

"येऊ दे की त्याला इथं. कुणी चकार शब्द बोलणार नाही."

"तेव्हाही कुठं बोलला होतात? नुसते पेले उपडे घातलेत."

एल्मरनं पुडिंगचं भांडं हातात घेतलं. "लिओ खोटं वागला नाही, ओटी. निवड फुकटच गेली होती."

"असेल. पण तिथं माझा पोरगा बसला होता."

ती घरी आली तर फोन वाजत होता.

"आई, गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारांपर्यंत आलो होतो गं. हॉलसमोर गाड्या दिसल्या."

"मग?"

"मागे फिरलो. आता पाओलीत आहे. पेट्रोल भरतोय."

टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. ओटिलिया खुर्चीवर टेकली. "डुएन, फोन ठेवू नकोस. तुझ्या वडिलांचा पेला रिकामा नव्हता."

"काय?"

"काठोकाठ भरलेला होता. तू जिन्यात पोचलास तोवर सगळी बीअर टेबलावरून त्यांच्या मांडीवर. तसेच ओल्या पँटनं पुढची नावं वाचत बसले. एल्मरनं फडकं दिलं, तर ते घेईनात. घरी आल्यावर मी विचारलं, लिओ, हे काय? तर म्हणाले, मला वाटलं रिकामा आहे. आयुष्यात बीअरचा थेंब वाया घालवला नाही, तो माणूस!"

पलीकडे पेट्रोलची नळी पंपाला परत अडकवल्याचा आवाज आला.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"त्यांचं नाव काढलं की फोन कोण ठेवायचं?"

तो म्हणाला, "रविवारी दुपारचं विमान आहे माझं."

"मास लवकर सुटते. हॉलला कुलूप असतं रविवारी."

"बघतो." पण त्यानं फोन ठेवला नाही. "पुडिंग केलंस?"

"केलंय."

"एल्मरनं संपवलं असेल."

"त्याला अर्धंच दिलं."

डुएन हसला. बापासारखाच, नाकातून. मग फोन बंद झाला. बाहेर अजून उजेड होता. ओटिलियानं एक ताट उचलून फडताळात ठेवलं, दुसऱ्यात हॅमचा एक तुकडा घेतला, आणि खाऊन झाल्यावर वही उघडून सकाळच्या ओळींखाली लिहिलं:

'उरलेलं पुडिंग गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलं, रविवारसाठी.'