तवकडीवरची दुसरी बाई

माझा स्वभाव तापट. आता जरा निवलाय, पण कॉलेजात होते तेव्हा तर विचारूच नका. कुणी आमच्या घरच्यांना खोटं म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि गंमत बघा, त्याच तापटपणात मी आमच्या आत्याबाईला सगळ्या घरासमोर खोटं पाडलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी आत्या. नात्यानं माझी आजीच, पण घरात लहानथोर सगळे तिला आत्याबाई म्हणायचे. सत्तरीला टेकलेली, काटक, दिवसाकाठी चार विडे कुटून खाणारी आणि महायुद्धाच्या काळातली सिनेमाची नटी! जन्म पिंपळगाव रेणुकाईजवळच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. नवरात्रात देवीच्या आरत्या म्हणून गळा तयार झालेला. जालन्याला एक नाटक कंपनी आल्ती, तिच्यातल्या पेटीवाल्याशी हिनं लग्न केलं आणि त्याच्यासोबत थेट कोल्हापूर गाठलं. इकडं माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या भावानं, तिच्या नावानं आंघोळ केली.

कोल्हापूरला तिनं चार सिनेमे केले. तेव्हा पडद्यावरच्या बाईनंच गायचं असायचं. पुढं लढाई संपली आणि एकीनं गायचं, दुसरीनं ओठ हलवायचे असा जमाना आला. "गाणाऱ्या माझ्याहून भारी, दिसणाऱ्या माझ्याहून देखण्या. मंग मी बसू कुठं?" असं ती हसत हसत सांगायची. पेटीवाला गेल्यावर ती पुण्यात मुलींना गाणं शिकवत राहिली. गुडघे गेले तेव्हा माझे वडील जाऊन तिला अंबडला आमच्या घरी घेऊन आले. आजोबा तोवर वारले होते, म्हणून ते जमलं.

तिचं एक गाणं त्या काळात खूप गाजलेलं. तांदूळ निवडताना, भाकरी थापताना ती ते गुणगुणायची. मी जालन्याला कॉलेजात ही गोष्ट फुशारकीनं सांगितली, तर एक मैत्रीण म्हणाली, "तुझी आजी नटी? डोंबल! दाखव पुरावा." झालं! त्याच दिवशी मी तिघींना घेऊन बाजारातल्या एका घड्याळवाल्या काकांकडं गेले. त्यांना ग्रामोफोनच्या जुन्या तवकड्यांचा नाद होता. त्यांनी बराबर ती तवकडी शोधून काढली, बाहीनं पुसली आणि लावली. गाणं तेच होतं. पण मधल्या गोल कागदावर नाव दुसऱ्याच बाईचं आणि आवाजही दुसराच, जाड, भरदार. आत्याबाईचा आवाज बारीक. मैत्रिणी एकमेकींकडं बघून हसल्या. मी अशी तोंडघशी पडले की तिथूनच अंबडची एसटी पकडली.

घरी सगळे जेवायला बसले होते. मी दारातूनच सुरू झाले. "आत्याबाई, ऐकून आले तुझं गाणं. नाव दुसरीचं, आवाज दुसरीचा. तू तिथं काय झाडू मारायला होतीस का?"

तिच्या हातातला घास हातातच राहिला. "तवकडीवर ती बाई हाय," ती म्हणाली. "सिनेमात मीच गायलेय. तवकडीवाल्यांचा करार तिच्याशी होता, म्हणून त्यांनी गाणं तिच्याकडून पुन्हा भरून घेतलं. तवा असंच चालायचं."

"मंग कुठंय तो सिनेमा?"

"मला काय ठाऊक, बाई?"

"जाऊ दे गं," वडील मला म्हणाले, "म्हातारं माणूस हाय." त्यांनी ते दयेनं म्हटलं, पण त्याचा अर्थ तिला कळला. मला तर चांगलाच कळला. मी जिंकले होते.

त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं. शेजारच्या बायांनी सिनेमाचं काही विचारलं तर "राहू द्या, जुन्या गोष्टी," म्हणायची आणि सुपारी कातरत बसायची. तांदूळ निवडायची तेही मुकाट्यानं. घर कसं ओकंबोकं वाटायचं. पण माफी कशाची मागू? माझ्या मते मी खरंच तर बोलले होते. अशी दोन वर्षं गेली.

मग एका रविवारी सकाळी पेपरात टीव्हीचे कार्यक्रम बघत होते, तर दुपारचा जुना मराठी चित्रपट म्हणून, ते गाणं ज्यात होतं त्याच सिनेमाचं नाव. दाखवावा, आणि त्यातही दुसरीच बाई गात असली तर? एकदा मी तिची अब्रू काढली होतीच, आता टीव्ही काढणार. मी पेपर गादीखाली सारला. पण दुपारी जेवणं झाल्यावर तो पुन्हा बाहेर काढला. शेवटी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं.

तिनं हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "न्हाई बघितला तर चालंल का गं?"

घाबरली! म्हणजे खरंच हिनं गायलेलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी पटकन म्हणाले, "बिलकुल चालेल. काही बघायला नको."

मी उठतेय तोवर तिनं माझा हात धरला. "लाव," म्हणाली. "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

वडील अँटेना फिरवायला गच्चीवर चढले. आमच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवर नुसत्या मुंग्या. "आलं का?" "न्हाई!" "आता?" असं करत करत चित्र आलं. सिनेमा भयंकर रटाळ होता. राजा होता, राणी होती, आणि सगळे उगाच जोरजोरात बोलत होते. मग बागेत एक मुलगी आली. नऊवारी, नाकात नथ, डोळे हुबेहूब आमच्या आत्याबाईचे. सारंगी सुरू झाली.

आवाज आला. बारीक, कोवळा. पण सत्तरीतल्या बाईचा आवाज आणि विशीतला आवाज, जुळवायचा कसा? मला काहीच ठरवता येईना. तेवढ्यात आत्याबाई पुढं सरकली आणि तिनं माझा गुडघा दाबला.

"हे बघ, आता पुढच्या ओळीला माझा दम तुटतो. तबलजीनं सावरून घेतलंय, एक फेरी जास्त वाजवली त्यानं. तेवढ्यात मी पदर सारखा करते."

"मग पुन्हा का नाही घेतलं?"

"लढाईत फिल्म मिळत होती व्हय? एकदा गायलं ते गायलं."

आणि पुढच्या ओळीला त्या मुलीचा श्वास तुटला. सूर मधेच अडकला. तबला एकटाच फिरून आला, मुलीनं घाईघाईनं पदर सारखा केला, आणि मग ओळ पुन्हा उचलली. तवकडीवर असं काहीच नव्हतं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तिथं गाणं एका दमात गेलं होतं.

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मी हसत होते का रडत होते ते मलाच कळेना. गच्चीवरून वडील ओरडत होते, "अगं आलं का? सांगा की!" त्यांना उत्तर कोण देणार? ते खाली आले तोवर गाणं संपलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, हातवारे करून, दोनदा. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी तिचे पाय धरले. "चुकलं माझं, आत्याबाई. मी तुला खोटं पाडलं."

तिनं पदरानं डोळे पुसले. चेहरा असा मोकळा झाला होता की दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"तुझं सोड, पोरी," ती म्हणाली. "तू म्हणालीस, मंग तुझा बापबी 'म्हातारं माणूस' म्हणाला. तवापासून मलाच वाटून राह्यलं होतं, का मी खरंच गायलेच न्हाई म्हणून."