कावीळीची माळ

माझी बायको कावीळीची माळ करायची. आजूबाजूच्या गावांतले लोक त्यासाठी मेडशीला आमच्या दारात यायचे. एका रानवेलीच्या ओल्या देठाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दोऱ्यात गाठ मारमारून गुंतवायचे, आणि ती इवलीशी माळ टोपीसारखी डोक्यावर बसवायची. माळ रोज लांबते. गळ्यात येते, मग छातीवर. बेंबीखाली उतरली की कावीळ उतरली. एक पैसा घेतला नाही तिनं कुणाचा. लग्नानंतर मलाही कावीळ झाली होती, तिच्याच माळेनं बरा झालो. तेव्हा तरी तसंच वाटलं.

ती गेली पोळ्याच्या आधी. दिवाळी झाली अन् आमची नात पिवळी पडली. सहा वर्षांची पोट्टी. सुनेनं सासूजवळून माळ शिकून घेतली होती. तिनं त्याच दिवशी देठ आणले अन् दोन माळा केल्या. एक पोरीच्या डोक्यावर घातली. दुसरी, पहिली तुटली तर असू द्यावी म्हणून, सासूच्या फोटोच्या खिळ्याला अडकवली. "आत्याबाईचा हात लागल्यावानी होते," म्हणाली. मी मान हलवली.

हळद बंद, तेल बंद. ताक-भात अन् फुटाणे. शेजारीण रोज डोकावायची. पोरगी कशी आहे, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

"माळ कुठवर आली वं?"

"गळ्याखाली आली."

"मंग झालं की!"

माळेचं झालं असेल. पोरीचं होत नव्हतं. पोटात पाणी ठरेना. लघवी काळ्या चहासारखी. दिवसभर पडून राहायची, उठवलं तर किरकिरायची.

"वाशीमले नेतो मी इले," मुलगा म्हणाला.

"माळ छातीवर आली. आता मधीच काढली त कावीळ उलटते. आत्याबाई सांगे."

"आन् पोरीले काई झालं त?"

"मी माय हाव तिची, दुश्मन नाई!"

"मीबी बापच हाव. डोये पाह्य तिचे."

"तेच पाहून राह्यली ना मी दिवसभर! तुमी त आता आले घरी."

मग दोघंही माझ्याकडे वळले. "बाबा, तुमी बोला."

काय बोलू? दवाखान्यात न्या म्हणावं, तर तिच्या फोटोसमोर तिची सारी उमर खोटी ठरवावी लागते. राहू द्या म्हणावं, तर पोरगी डोळ्यासमोर सुकत होती. अन् मधीच काढली तर उलटते, हे मीही तिच्या तोंडून ऐकलेलं. "सकाळी पाहू," म्हणालो अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मेलेल्या बाईचा इतका राग मला कधी आला नव्हता. स्वतः सुटली अन् हे माझ्या गळ्यात टाकून गेली.

सकाळी पोरीजवळ गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाली, "आजी, पाणी दे."

आजी मेली, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आजीला नेताना ती माझं बोट धरून उभी होती. तसाच फोटोकडे वळलो, बायकोला शिव्या द्यायलाच वळलो. अन् खिळ्यावरची ती दुसरी माळ दिसली.

लावली तेव्हा ती फोटोच्या वरच्या कडेला, तिच्या कुंकवाच्या जरा वर होती. आता फोटोच्या चौकटीखाली लोंबत होती. पोरीची आली होती त्याच्याहून चार बोटं जास्तच.

फोटोला कुठली कावीळ?

सुनेला हाक मारली. ती आली, उभी राहिली. माळेचं टोक हातात घेतलं. देठ वाळून काडी झाला होता, गाठीत गरगर फिरत होता. ओला होता तेव्हा गाठीनं गच्च धरला होता, वाळला तसा दोरा सुटत गेला अन् माळ लांबत गेली. बस, इतकंच.

तिनं टोक सोडलं. पोरीजवळ गेली, माळेला हात लावला अन् मागं घेतला. "तुमी काढा, मामाजी. माह्यानं होत नाई."

मी काढली. मुलानं जीप आणली.

वाशीमला सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे, आत्ताच काही सांगता येत नाही. दोन दिवस आळीपाळीनं खाटेजवळ बसलो. तिसऱ्या दिवशी पोरीनं मला ओळखलं, फुटाणे नको म्हणाली, बिस्कीट मागितलं. तेव्हा कुठं सुनेनं विचारलं.

"मामाजी, आत्याबाईले मालूम होतं का हे?"

"नाई. मालूम असतं त तिनं माह्या डोक्यावर घातली असती का?"

पोरगी घरी आली. सून आता माळ करत नाही. पण लोक अजून येतात. परवा कामरगावचा एक माणूस लेकराला खांद्यावर टाकून आला. मी म्हटलं, दवाखान्यात ने. तो अडून बसला. "लय नाव हाये बुवा तुमच्या घरचं."

मी त्याला हाताला धरून फोटोसमोर नेलं. खिळ्यावरची ती माळ मी अजून काढलेली नाही.

"हे पाह्य. इची माळ पार खाली उतरली हाये. झाली का बरी?"